हजार लोक सांगतायत, पण स्वतः तपासलंय किती जणांनी?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पहाटे दिल्लीतल्या एका देवळात कुणीतरी गणपतीच्या सोंडेला दुधाचा चमचा लावला, चमच्यातलं दूध हळूहळू कमी झालं, आणि बघणाऱ्यांनी ते पुढच्यांना सांगितलं. दुपारपर्यंत देशभर, आपल्या महाराष्ट्रातही, देवळांबाहेर हातात दुधाचे तांबे घेऊन रांगा लागल्या होत्या, दुकानांतलं दूध संपत होतं, आणि त्याच दिवशी लंडनच्या साउथॉल भागातल्या देवळातही लोक चमचे घेऊन उभे होते. भारतात पहिला मोबाइल कॉल होऊन तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि व्हॉट्सॲप यायला अजून चौदा वर्षं होती. म्हणजे हे सगळं घरच्या लँडलाइनवर, एसटीडी बूथवर आणि तोंडी पसरलं. आज चाळीशीच्या पुढे असलेल्या कुणालाही विचारा, त्या दिवशी कुठे होतो ते बहुतेकांना आठवतं.

दूध जात कुठे होतं? केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाचे शास्त्रज्ञ दिल्लीतल्या एका देवळात गेले आणि त्यांनी दुधात रंग मिसळून तेच करून बघितलं. रंगामुळे लगेच दिसलं की दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ थरात खाली ओघळतंय. चमचा काठोकाठ भरला की दूध काठाच्या थोडं वर फुगून उभं राहतं, द्रवाच्या पृष्ठभागाला जो ताण असतो त्याच्यामुळे. ते फुगलेलं दूध दगडाला टेकलं की दगड ते ओढून घेतो आणि मग पुढचं दूध त्याच्या मागोमाग वाहत जातं, त्यात चमचा नकळत जरासा कलतोच. पांढऱ्या संगमरवरावर दुधाचा पातळ थर दिसतच नाही. हे घरी कुठल्याही दगडी किंवा मातीच्या वस्तूवर करून बघता येतं, आणि करून बघाच, कारण वाचलेलं आणि स्वतःच्या हातानं केलेलं यात फार फरक पडतो.

पण मला या लेखात दुधाबद्दल फारसं बोलायचं नाहीये. आणि श्रद्धेबद्दल तर अजिबात नाही, गणपतीवर मनापासून भक्ती असलेली कितीतरी माणसं त्या दिवशी रांगेत नव्हती. मला बोलायचंय ते त्या रांगेबद्दल. त्या रांगेत डॉक्टर होते, इंजिनिअर होते, शिक्षक होते, रोजच्या व्यवहारात अत्यंत चौकस असलेली, भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघणारी माणसं होती. मग एवढ्या सगळ्या हुशार लोकांचं एकाच दिवशी एकाच बाबतीत काय चुकलं? "लोक मूर्ख असतात" हे उत्तर मला पटत नाही, कारण ते खरं नाहीये आणि त्यातून काही शिकायलाही मिळत नाही. खरं उत्तर जास्त इंटरेस्टिंग आहे, आणि ते अर्थशास्त्रात सापडतं.

अभिजित बॅनर्जी हे नाव तुम्ही ऐकलं असेल, गरिबीवरच्या कामासाठी २०१९ साली नोबेल मिळालं ते. जन्म मुंबईचा, आई निर्मलाताई, मूळच्या पाटणकर, त्याही अर्थतज्ज्ञ. बॅनर्जींनी १९९२ साली, म्हणजे दूधवाल्या गुरुवारच्या तीन वर्षं आधी, माणसं एकामागोमाग एक तेच का करतात यावर एक पेपर लिहिला होता, आणि त्यातलं उदाहरण इतकं सोपं आहे की एकदा कळलं की आयुष्यभर डोक्यातून जात नाही.

समजा दोन हॉटेलं शेजारी शेजारी आहेत, एक 'अ' आणि एक 'ब'. दोन्ही नवीन. गावात सर्वसाधारण समज असा की 'अ' चांगलं असण्याची शक्यता ५१ टक्के आणि 'ब' चांगलं असण्याची ४९, म्हणजे जवळजवळ सारखंच. आता १०० माणसं एकेक करून जेवायला येतायत, आणि प्रत्येकाकडे स्वतःची अशी एक छोटीशी माहिती आहे, कुणाला मित्रानं सांगितलंय, कुणी कुठेतरी वाचलंय. ती माहिती पक्की नाही, चुकूही शकते. या १०० पैकी ९९ जणांची माहिती सांगते की 'ब' चांगलं, आणि फक्त एकाची सांगते की 'अ' चांगलं. पण नेमका तो एकटाच सगळ्यात आधी पोचतो. तो 'अ' मध्ये जाऊन बसतो. दुसरा येतो, त्याच्याकडे माहिती 'ब' ची आहे, पण त्याला दिसतं की पहिला माणूस 'अ' मध्ये बसलाय, म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, मग माझी माहिती आणि त्याची माहिती एकमेकांना कापून गेली, उरलं काय तर गावाचा समज, ५१ विरुद्ध ४९, चला 'अ' मध्येच. तिसऱ्याला दोघं बसलेले दिसतात. दुसऱ्यानं स्वतःची माहिती बाजूला ठेवली होती हे तिसऱ्याला कुठून दिसणार. तोही 'अ' मध्ये. असं करत करत शंभरच्या शंभर 'अ' मध्ये, आणि 'ब' रिकामं.

इथे थांबून नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. या शंभरात कुणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकानं आपल्यासमोर जे दिसत होतं त्यावरून शहाण्यासारखाच निर्णय घेतला. तरीही चांगलं हॉटेल रिकामं राहिलं, आणि ९९ जणांकडे असलेली खरी माहिती कुणालाच कधी कळली नाही, कारण प्रत्येकानं ती गिळून टाकली. बाहेरून बघणारा म्हणेल, शंभर माणसं 'अ' मध्ये जेवतायत म्हणजे ते उत्तमच असणार! पण 'अ' च्या बाजूनं साक्षीदार खरे किती? एक. बाकीचे ९९ त्या एकाच्या झेरॉक्स आहेत. आणि झेरॉक्स कितीही काढल्या तरी मूळ कागदावर जे लिहिलंय त्यात एका अक्षराची भर पडत नाही.

दूधवाल्या दिवशी हेच झालं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटत होतं की आख्खा देश सांगतोय. प्रत्यक्षात आख्खा देश एकमेकांकडे बघत होता. आणि ज्यांनी स्वतः चमचा धरला त्यांनीही दूध कमी होताना बघितलं, पण ते मूर्तीच्या आत गेलं की बाहेरून ओघळलं हे खाली वाकून किती जणांनी बघितलं असेल? त्यातून पायाशी आधीच हार, फुलं, पाणी, सगळं ओलं. ज्याला थोडी शंका आली असेल त्यानंही मागच्या रांगेकडे बघून ती मनातच ठेवली असेल.

आता याची दुसरी बाजू, कारण इथून बरेच लोक घाईघाईनं "म्हणजे गर्दी नेहमी चुकतेच" या निष्कर्षावर उडी मारतात आणि ते चूक आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथ इथे गुराढोरांच्या एका प्रदर्शनात एक पैज होती: समोर उभा असलेला बैल कापून साफ केल्यावर मांस किती भरेल ते चिठ्ठीवर लिहायचं, सहा पेन्स देऊन. फ्रान्सिस गॅल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं नंतर त्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. लिहिणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते, आणि ज्यांना गुरांमधलं काही कळत नाही असेही पुष्कळ होते. गॅल्टननं सगळे आकडे चढत्या क्रमानं लावले आणि बरोबर मधला उचलला, तो होता १२०७ पाउंड. खरं वजन ११९८ पाउंड, साधारण ५४३ किलो. म्हणजे चूक एक टक्कासुद्धा नाही! लोकांचा कौल इतका भरवशाचा निघेल असं खुद्द गॅल्टनलाही वाटलं नव्हतं, आणि तसं त्यानं लिहूनही ठेवलं.

मग प्लिमथची गर्दी बरोबर आणि देवळाबाहेरची चूक, असं का? प्लिमथमध्ये प्रत्येकानं आपली चिठ्ठी आपण लिहिली. शेजाऱ्यानं काय लिहिलंय ते बघून लिहिलं नाही. त्यामुळे कुणी शंभर पाउंड जास्त धरले, कुणी शंभर कमी, आणि या वेगवेगळ्या दिशांच्या चुका एकमेकांना खाऊन गेल्या. जर तिथे एखादा नामांकित खाटीक सगळ्यांत आधी मोठ्यानं ओरडला असता की "चौदाशे आहे रे!" तर पुढच्या बऱ्याच चिठ्ठ्या चौदाशेच्या आसपास सरकल्या असत्या आणि सगळ्यांच्या चुका एकाच दिशेला झाल्या असत्या. माणसं तीच, बैल तोच, फक्त एकमेकांचं ऐकलं की गर्दीचं शहाणपण संपतं. म्हणून मला वाटतं की "सगळे असं म्हणतात" हे वाक्य कानावर पडलं की "सगळे" किती आहेत हे मोजण्यात काही अर्थ नाही, एकमेकांवर अवलंबून नसलेले त्यात किती आहेत ते मोजायचं. तेवढा एकच प्रश्न जर आपण सवयीनं विचारायला लागलो तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

घरचंच बघा. एखाद्या औषधाबद्दल किंवा एखाद्या बँकेबद्दल काकू सांगते, मग मावशी सांगते, ऑफिसातला मित्र सांगतो, जिममधला सांगतो, आणि चौथ्यांदा ऐकल्यावर आपल्याला वाटायला लागतं की आता चार जणांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. पण चौघांनाही विचारा, "तुला कुठून कळलं?" बहुतेक वेळा चौघांचा माग एकाच फॉरवर्डपाशी जाऊन थांबतो. आणि प्रश्न भांडायला म्हणून नाही, साध्या आवाजात विचारायचा, "काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या बाबतीत झालंय का?" एवढंच. मोठ्यांचा मान राखून विचारता येतो हा प्रश्न, आणि खूपदा काकूच म्हणते, अगं हो, विचारलंच नाही मी.

आत्तापर्यंत बोललो ते माहितीबद्दल, म्हणजे खरं काय हे माहीत नसतं म्हणून आपण दुसऱ्यांकडे बघतो. पण कधीकधी खरं काय ते समोर लख्ख दिसत असतं आणि तरीही माणूस गर्दीबरोबर जातो. सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९५० च्या दशकात हे तपासलं. खोलीत सात-आठ तरुण बसवायचे, एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, आणि पहिल्या रेघेएवढी कुठली ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. इतकं सोपं की एकटं बसवलं तर शंभरात एखादी चूकसुद्धा होत नाही. पण खोलीतले एक सोडून बाकी सगळे अॅशची माणसं होती, आणि ती ठरवून, एकापाठोपाठ एक, शांतपणे चुकीचं उत्तर द्यायची. खरा माणूस शेवटी किंवा शेवटून दुसरा बसलेला. अशा फेऱ्यांमध्ये साधारण ३७ टक्के उत्तरं गर्दीसारखी चुकीची आली. चारातले तीन जण निदान एकदा तरी वाहवत गेले.

या प्रयोगाचा एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो आणि माणूस कसा मेंढरू आहे म्हणून सोडून दिला जातो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण उरलेला भाग जास्त महत्त्वाचा आहे. एक म्हणजे, जवळपास पाव लोक एकदाही हलले नाहीत, आख्खी खोली विरोधात असताना. दुसरं, गर्दीबरोबर गेलेल्यांना नंतर विचारलं तर बऱ्याच जणांनी सांगितलं की दिसत होतं नीट, पण सगळ्यांपेक्षा वेगळं बोलायला नको वाटलं. उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं की हे प्रमाण खूप खाली आलं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं: खोलीत फक्त एक माणूस जरी बहुमतापेक्षा वेगळं बोलला, तरी खऱ्या माणसाचं वाहवत जाणं एकदम कमी व्हायचं, आणि त्या एकाचं उत्तर बरोबर असण्याचीसुद्धा गरज नव्हती! तो वेगळं पण चुकीचं बोलला तरी चालायचं. म्हणजे एकानं वेगळा सूर लावला की बाकीच्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची परवानगी मिळते. मीटिंगमध्ये, लग्नाच्या बोलणीत, सोसायटीच्या ग्रुपवर जो पहिला "मला जरा शंका आहे" असं म्हणतो ना, तो स्वतःसाठी तर बोलतोच, पण गप्प बसलेल्या निम्म्या खोलीसाठीही बोलतो.

आता मुंबईचीच गोष्ट घ्या. १८ ऑगस्ट २००६, माहीमच्या किनाऱ्यावर बातमी पसरली की समुद्राचं पाणी गोड झालंय. हजारो लोक आले, प्यायले, बाटल्या भरून घरी नेलं, लहान मुलांना पाजलं. माहीमची खाडी म्हणजे मिठी नदी जिथं येऊन मिळते ती जागा, शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन. आणि लक्षात घ्या, इथे लोकांनी स्वतः चव घेतली होती, पाणी खरंच नेहमीपेक्षा कमी खारट होतं! पावसाळ्यातलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर तरंगतं, आयआयटी मुंबईच्या भूगर्भशास्त्राच्या लोकांनी साधारण असंच स्पष्टीकरण दिलं. महापालिका आणि प्रदूषण मंडळ सांगत होते की पिऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोकच म्हणायला लागले की पाणी परत खारट झालं. म्हणजे "स्वतः अनुभव घेतला" हे सुद्धा पुरेसं नसतं कधीकधी. अनुभव खरा होता, पाणी गोडसर लागलं हे खरं, पण त्यावरून "म्हणून हे प्यायला चांगलं" ही पुढची उडी गर्दीनं मारून दिली. अनुभव कुठे संपला आणि त्याचा अर्थ कुठे सुरू झाला, ही रेघ आपली आपण ओढायला लागते.

मिठावरून आठवलं, काही समज असे असतात की सगळ्यांनी मानले की खरेच होतात. नोव्हेंबर २०१६, नोटाबंदी होऊन तीनच दिवस झालेले, आणि मीठ संपणार अशी अफवा उठली. बऱ्याच शहरांत लोक दुकानांवर धावले, काही ठिकाणी किलोला दोनशेच्या वर पैसे मोजले. एवढा मोठा समुद्रकिनारा असलेल्या देशात मीठ कसं संपेल हा विचार मनात येऊनही माणूस रांगेत लागला, कारण मीठ संपणार नाही हे मला माहीत असलं तरी बाकीचे घेऊन गेले तर आज माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं तर संपेलच ना. बँकेतून पैसे काढायला एकदम झुंबड उडते तेव्हाही हेच होतं. अशा वेळी स्वतंत्र विचार करणारा एकटा माणूस फार काही करू शकत नाही हे मान्य करायला हवं. तिथे सरकारनं, दुकानदारांनी, बँकेनं लगेच पुढे येऊन आकड्यांसकट बोलणं, माल दाखवणं, हेच चालतं.

इथवरच्या गोष्टींत नुकसान झालं ते दुधाचं, पैशांचं, फार तर पोटाचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं जमावानं मारून टाकली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीये असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यातला एक तर कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म होती, तिचा शेवटचा खुलाशाचा भाग कापून टाकलेला. जमावातल्या प्रत्येकाला वाटलं असणार की एवढे सगळे मारतायत म्हणजे कुणीतरी खात्री केली असेल. खात्री कुणीच केली नव्हती. मला हे लिहिताना अजूनही त्रास होतो, कारण हॉटेलाच्या उदाहरणात आणि या घटनेत आतलं यंत्र तेच आहे, फक्त हॉटेलाच्या जागी पाच जिवंत माणसं आहेत.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनं सांगितलं. लोकांचं मत कुणी बदललं नाही, शिकवलं नाही, फक्त पुढे ढकलायच्या आधी दोन क्षणांचा अडथळा आला. बटण दाबताना जर अडखळायला झालं तर बरेच लोक दाबतच नाहीत. हा अडथळा आपण स्वतःलाही घालू शकतो, कंपनीची वाट बघायची गरज नाही: ज्यामुळे एकदम राग येतो किंवा भीती वाटते तो मेसेज त्या दिवशी पुढे पाठवायचाच नाही, उद्या बघू.

आता एक अवघड मुद्दा. "मी गर्दीच्या मागे जात नाही, मी स्वतंत्र विचार करतो" असं म्हणणारे सगळ्यात जास्त लोक कुठे भेटतात? लसीला विरोध करणाऱ्यांत भेटतात, पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्यांत भेटतात. त्यांचीही एक गर्दीच असते, तिचे स्वतःचे फॉरवर्ड असतात, आणि तीसुद्धा एकमेकांकडे बघूनच चालते. सगळे हो म्हणतात म्हणून नाही म्हणणं यात विचार कुठे आला, दिशा अजूनही गर्दीच ठरवतेय, फक्त उलटी. मग विज्ञानातलं बहुमत आणि देवळाबाहेरची रांग यात फरक कसा करायचा? परत तोच प्रश्न: स्वतंत्रपणे तपासलेले किती? एखादी लस काम करते का हे वेगवेगळ्या देशांत, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या टीम वेगवेगळ्या पद्धतींनी तपासतात, आणि दुसऱ्याची चूक पकडली तर त्यात त्यांचा फायदाच असतो. ते प्लिमथच्या चिठ्ठ्यांसारखं झालं.

पण तज्ज्ञांचीही कधीकधी रांग होते, हेही तितकंच खरं आहे. पोटातला अल्सर घ्या. आपल्याकडे अजूनही घराघरांत म्हणतात, टेन्शन घेऊ नको अल्सर होईल, तिखट कमी खा. जगभरचे डॉक्टरही अनेक दशकं हेच मानत होते, ताण आणि ॲसिड, कारण पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगूच शकत नाहीत असं सगळ्यांनी त्याच पुस्तकांत वाचलेलं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला पोटाच्या नमुन्यांमध्ये वाकडे जंतू दिसायला लागले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर आला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं, काही दिवसांत त्याला उलट्या व्हायला लागल्या, आणि तपासणीत पोटाला सूज आणि तेच जंतू सापडले. हे असं कुणीही करू नये, पण त्यानंतरचं बघा: त्या एका धाडसावर जग थांबलं नाही, देशोदेशी चाचण्या झाल्या, अँटिबायोटिक दिल्यावर अल्सर बरा होतो आणि पुन्हा उलटत नाही हे दिसलं, १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेनं जंतू सापडला तर अँटिबायोटिक द्या अशी शिफारस केली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या सारख्या घेणं. त्यामुळे पोटात जळजळ दुखणं वारंवार होत असेल तर नुसतं तिखट बंद करून बसू नका, डॉक्टरांना या जंतूच्या टेस्टबद्दल विचारा.

वॉरन आणि मार्शल गर्दीच्या विरोधात उभे राहिले, पण तिथे उभे राहण्याआधी ते मायक्रोस्कोपसमोर बसले होते. आणि आपण बरोबर आहोत की नाही हे इतरांना तपासता येईल अशा पद्धतीनं त्यांनी मांडलं. "तुम्ही चूक ठरलात हे तुम्हाला कशावरून पटेल?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही त्याच्या वेगळेपणावर मी तरी भरवसा ठेवत नाही, मग तो कितीही ठामपणे बोलत असो.

आणि वेगळं बोलायची किंमत पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे र. धों. कर्वे संततिनियमनाबद्दल उघडपणे बोलले, १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली, १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत स्वतःचे पैसे घालून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. तेव्हा ज्या गोष्टीसाठी समाजानं त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं ती आज प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली असते. प्रत्येकानं कर्वे व्हावं अशी अपेक्षा कुणीच करणार नाही. पण अॅशच्या खोलीतला तो वेगळं बोलणारा एक जण होणं, एवढं तर बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

आणि ते जमवण्यासाठी शौर्यापेक्षा पद्धत बदलणं जास्त कामाला येतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्ट कुणाकडून बसवायची, गावातल्या मंडळाचा पैसा कशावर खर्च करायचा, ऑफिसात कुठल्या उमेदवाराला घ्यायचं, असले निर्णय आपल्याकडे कसे होतात? सगळ्यात ज्येष्ठ माणूस आधी बोलतो, मग पुढचा म्हणतो "साहेब म्हणतात ते बरोबर आहे", आणि तिसऱ्यापर्यंत 'अ' हॉटेल भरलेलं असतं. त्याऐवजी चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, आपलं मत आणि त्याचं एक कारण लिहायला सांगा, नाव न घालता, आणि चिठ्ठ्या गोळा करून वाचून दाखवल्यावरच कुणीही तोंड उघडायचं, अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. पहिल्यांदा लोक कुरकुरतील, एवढ्यासाठी कशाला चिठ्ठ्या म्हणून. पुढच्या मीटिंगला करून बघा, आणि चिठ्ठ्यांमध्ये किती मतं अशी निघतात जी एरवी कधी बोलून दाखवलीच गेली नसती ते मोजा.